कोकणातल्या घराला ‘कॉटेज लूक’: पडवी तोडायचा सल्ला देणाऱ्यांनी एक पावसाळा तिथे काढावा

चिरेबंदी:
परवा इथेच एक धागा आला होता, कोकणातल्या जुन्या घराला इंग्लंडातल्यासारखा कॉटेज लूक कसा द्यायचा याच्या सोप्या कल्पनांचा. चिऱ्याच्या भिंतींना गिलावा करून पांढरा रंग द्या, आत फुलाफुलांचा वॉलपेपर लावा, पडवी काढून दर्शनी बाजू मोकळी करा, खिडक्या लहान करून खाली फुलांच्या पेट्या बसवा, वर शोभेचं धुराडं, म्हणजे चिमणी. खाली प्रतिसाद काय, तर ‘अप्रतिम’, ‘किती गोड’. मला राहवलं नाही.

लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत चार महिन्यांत ३००० च्या वर जातो, आणि तो सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवी झड येते. पडवी असतानाही आमच्याकडे जूनआधी पुढे झापं (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधतात. ती पडवीच तोडली की झड थेट ओटीवर, दाराच्या चौकटीवर. चौकट फुगते, मग वाळवी.

गिलाव्याचं सांगतो. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, पाणी पितो आणि उघडा असला तर वाळतो. वरून सिमेंटचा थर मारला की ओल आत कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांनी भिंतीवर बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो. आणखी एका वर्षात पोपडा हातात. वॉलपेपरमागे श्रावणापर्यंत काळी बुरशी धरते. चिमणीसाठी छपराला भोक पाडायचं, म्हणजे गळती आपण होऊन बोलवायची.

रविवारची सुट्टी:
तो धागा माझा नाही, पण पांढरी भिंत आणि फुलांच्या पेट्या माझ्या घराला आहेत. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट पूर्ण गायब आहे. त्या जुन्या घरांत राहिलं कोण आणि राबलं कोण? माझ्या आजेसासूबाईंचं सगळं आयुष्य गुहागरजवळच्या अशाच घराच्या चुलीपुढे गेलं. चारी बाजूंनी खाली उतरलेलं छप्पर, माजघरात भर दुपारी दिवा, धुराने डोळे कायम लाल. पडवीवर पुरुषांच्या गप्पा आणि पान-सुपारी. मला उजेड हवा होता, म्हणून भिंती पांढऱ्या केल्या. यात कोकणाचा अपमान कुठे झाला?

आणि तुमच्या छपरावरचं मंगलोरी कौल तरी मुळात आपलं कुठे आहे? बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. त्याआधी इथे नळीची कौलं, नाहीतर पेंढा. बाहेरची ती वस्तू चालते, मग फुलांची पेटी का चालत नाही?

चिरेबंदी:
कौल चाललं कारण ते पावसात टिकलं. खोबणीत खोबण अडकते, पाणी खाली उतरतं, एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. वॉलपेपर टिकू दे, मी त्यालाही आपला म्हणेन. उजेडासाठी काचेची कौलं असतात. आमच्या स्वयंपाकघरात चार आहेत, चुलीच्या बरोबर वर.

रविवारची सुट्टी:
चार काचेची कौलं. बायकांनी तेवढ्यात समाधान मानावं, असंच ना?

माकडवाडी:
तुम्ही दोघं कौलांवर भांडताय, आधी ती शिल्लक राहतात का बघा. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. आमच्या वाडीत माकडांचा कळप एका सकाळी छपरावरून गेला की त्यातली वीस-पंचवीस फुटलीच. नारळाची शहाळी पाडतात, फणस फोडतात, पपई ठेवत नाहीत, आणि उड्या मारायला आमची घरं. तक्रार करावी तर अर्ज द्या, पंचनामा, फोटो. शाकारणीला, म्हणजे कौलं पुन्हा नीट लावायला, माणूस मिळत नाही. जुने गेले, त्यांची मुलं मुंबईला. मी सगळं उतरवून पत्रा घातला आणि रात्रीची झोप परत मिळाली.

सुपारीबाग:
पत्र्याखाली झोप? आषाढात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि वैशाखात खाली भट्टी. शिवाय ३ जून २०२० विसरलात? निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरला पत्रे पतंगासारखे उडाले. आमच्या बागेत दुसऱ्याच्या घराचा पत्रा येऊन सुपारीच्या खोडात रुतला होता.

माकडवाडी:
कौलं काय जागेवर राहिली होती? तीही गेलीच ना? पत्रा उडाला कारण हुक नीट मारले नव्हते. आणि वादळ रोज येत नाही, माकडं रोज येतात. तुमची बाग आहे, गडी आहेत, तुम्हाला परवडतं. माझी आई एकटी राहते. ती सत्तरीत शिडीवर चढून कौलं बदलणार का?

सुपारीबाग:
गडी कुठले? वादळानंतर झाडं आम्ही घरच्यांनीच तोडली. पैशांचं काढू नका.

चिरेबंदी:
विषय माकडांचा नाही.

माकडवाडी:
तुमचा नसेल. गावात बारा महिने राहणाऱ्याचा तोच आहे. तुम्ही गणपतीला येणार, पडवीवर फोटो काढणार आणि आम्हाला परंपरा शिकवणार.

चिरेबंदी:
मी चिपळुणात राहतो, बारा महिने. न विचारता माणसाला चाकरमानी ठरवू नका.

लीड्सहून:
इंग्लंडात बरीच वर्षं आहे म्हणून बोलतो. ज्याची नक्कल चालली आहे ते मूळ घर तरी नीट बघा. डेव्हनमधली जुनी कॉटेजं मातीच्या जाड भिंतींची आहेत. त्यांना खाली दगडी जोतं आणि वर भिंतीच्या बाहेर चांगलं आलेलं गवती छप्पर असतं, म्हणजे मातीला पाणी लागत नाही. कॉट्सवोल्ड्समध्ये तिथलाच पिवळसर चुनखडीचा दगड. खिडक्या लहान, कारण ऊब बाहेर जाऊ द्यायची नव्हती. त्या माणसांनी हाताशी होतं ते वापरलं आणि हवेप्रमाणे बांधलं. कोकणात तेच करायचं तर जांभा, रुंद पडवी आणि मोठ्या खिडक्याच येणार. आणि जुन्या जाड भिंतींवर सिमेंट थापून ओल कोंडल्याच्या तक्रारी इथेही ढिगाने आहेत.

रविवारची सुट्टी:
गिलाव्याचं पटलं. माझ्या नैऋत्येच्या भिंतीला तसा पोकळ आवाज येतो, हे लिहायला आवडत नाहीये. पण पांढरा रंग सोडणार नाही. गिलावा काढून जांभ्यावर थेट चुना मारला तर?

चिरेबंदी:
चालेल. चुन्यातून भिंत श्वास घेते. दर वर्षी-दोन वर्षांनी हात मारावा लागेल. आणि चुलीचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. आमच्याकडेही काचेची कौलं आईने भांडून बसवून घेतली, वडिलांना ती खर्चिक वाटत होती. पडवीला मात्र हात लावू नका.

रविवारची सुट्टी:
पडवी मी तोडलीच नव्हती. तुम्ही विचारलंत कुठे?

माकडवाडी:
माझं कोणीच वाचलं नाही.

सुपारीबाग:
वाचलं. वादळानंतर आमच्याकडे खाली पत्रा आणि त्यावर कौलं, असं केलंय. माकडांनी कौल फोडलं तरी घर गळत नाही, आवाज कमी, उकाडा कमी. खर्च जवळजवळ दुप्पट आणि वजनामुळे वासे बदलावे लागले. तुमच्या आईंसाठी निदान झोपायच्या खोलीवर तेवढं करून घ्या.

माकडवाडी:
वासे कुठले वापरलेत? सागवान आमच्या आवाक्यात नाही.

सुपारीबाग:
लोखंडी चौकोनी पाइप. समुद्र जवळ असेल तर आधी रेडऑक्साइडचे दोन हात द्या, सांध्यांवर तीन. मिस्त्रीचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.