प्लूटार्कची ‘पॉलिप्राग्मोसिने’ : कुतूहल, उठाठेव की भोचकपणा?

प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्क याच्या ‘पॉलिप्राग्मोसिने’वरील निबंधाचा परिचय लिहिताना शीर्षकात ‘कुतूहल’ चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते चालणार नाही. कुतूहल हा मराठीत बहुधा गुणच मानला जातो. प्लूटार्क मात्र दुर्गुणाविषयी बोलतो आहे : दुसऱ्याचे दुखणे, भांडण, नाचक्की जाणून घेण्याची हाव, जिच्यात मत्सर आणि आकस मिसळलेले असतात.

‘पॉलिप्राग्मोसिने’ या ग्रीक शब्दाची फोड ‘पुष्कळ’ आणि ‘व्यवहार’ अशी होते. ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागात, आपले काम करावे आणि नाही त्यात पडू नये यालाच प्लेटो न्याय म्हणतो, तेथे हाच शब्द कृतीविषयी आहे, म्हणून ‘नसती उठाठेव’ चपखल बसते. प्लूटार्ककडे लुडबुड डोळे आणि कान करतात, म्हणून तेथे मी ‘भोचकपणा’ घेईन. अनोळखी माणसाच्या जुन्या पोस्ट उकरत बसणे हा भोचकपणा, आणि मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट चार गटांत धाडणे हा चोंबडेपणा. हा भेद मराठीने जपला आहे, तो अनुवादात हरवू नये.

ऑनलाइन खासगीपणाची आपली चर्चा बहुतेक हक्काच्या भाषेत चालते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ते फार मोलाचे झाले. परंतु २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे घरातल्या माणसाचा फोन चाळणारा हात त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो, आणि तेथे पाहणाऱ्याच्या शीलाचाच प्रश्न उरतो. प्लूटार्कचा उपाय सवयीचा आहे : वाटेवरच्या थडग्यांवरील लेख वाचू नयेत, उघड्या दारातून आत डोकावू नये, म्हणजे मोठ्या मोहाच्या वेळी मन आवरते. त्यानेच मॅसिडोनियाचा राजा डिमिट्रियस याच्या चरित्रात अथेन्सकरांची गोष्ट दिली आहे. मॅसिडोनियाचा आधीचा राजा फिलिप याच्याशी युद्ध चालू असताना त्याचे पत्रवाहक हाती लागले, तेव्हा त्यांनी बाकीची पत्रे वाचली, पण त्याची राणी ऑलिम्पियास हिचे पत्र मोहोर न फोडता परत पाठवले. शत्रूच्या बाबतीतही हे सुचावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

दुसऱ्याच्या खासगीत न डोकावण्याच्या या गुणाला मराठीत काय म्हणावे? ‘भीड’ जवळची आहे, पण ‘भीड भिकेची बहीण’ म्हणणाऱ्या भाषेत ती दुबळेपणाकडे झुकते. अॅरिस्टॉटलही ‘आइदोस’ला, म्हणजे लाजेला, सद्गुणापेक्षा भावना मानतो, आणि प्रत्येक गोष्टीला लाजणाऱ्याला टोकाचा ठरवतो. मला ‘मुर्वत’ अधिक योग्य वाटते. ‘बेमुर्वत’ आपण आजही सर्रास म्हणतो, मूळ शब्द मात्र मागे पडला. तो अरबीतील ‘मुरुव्वा’वरून फारसीमार्गे आला, आणि त्याच्या मुळाशी ‘पुरुष’ हा अर्थ आहे, जसा लॅटिन ‘विर्तुस’च्या (सद्गुण) मुळाशी आहे. मुर्वतीत संकोच नसतो, समोरच्याची बूज असते.

कंपन्या जो डेटा गोळा करतात, त्याला हे शब्द पुरणार नाहीत. तेथे कायदाच हवा. आपल्या परिचयाचे शीर्षक ‘भोचकपणाविषयी’ ठेवावे, आणि ‘मुर्वत’ वापरल्यास पहिल्या वेळी अर्थ द्यावा, कारण तरुण वाचकांनी तो शब्द ऐकलेला असेलच असे नाही.