आंबट जेलनं पोरीचं फिलिंग खरबरीत झालंय, फ्लोराईड बंदच करावं का?

खानापूरकर: पोरीच्या दाढेत दोन वर्षांमागं ग्लास आयनोमर भरलंय, ते पांढरं सिमेंट. दर सहा महिन्याला बेळगावला नेतो, तिथं ट्रेमध्ये फ्लोराईडचं आंबट जेल घालून चार मिनिटं धरायला लावतात, वर अर्धा तास पाणी पण नाही. तीनदा झालं असं. आता जीभ लागली की काचपेपरसारखं लागतंय म्हणते, टॉर्च मारून बघितलं तर चकाकी गेलीय खरी. माझं म्हणणं, फिलिंगवाल्यांनी फ्लोराईडच्या नादाला लागूच नये.

टिळकवाडी: सगळं बिल फ्लोराईडच्या नावावर नका फाडू हो. आंबट म्हणजे एपीएफ जेल, ॲसिड घातलेलं फ्लोराईड, पीएच 3 ते 3.5 म्हणजे चांगलंच आंबट. सिमेंटात काचेची पूड असते, बऱ्याच कंपोझिटमध्ये (दाताच्या रंगाचं प्लास्टिकसारखं फिलिंग) पण, आणि ॲसिड अन फ्लोराईड एकत्र आलं की काच खातंय. जेलमध्ये फ्लोराईड 12300 पीपीएम, वार्निशमध्ये (ब्रशनं दातावर लावतात ते) 22600, तरी वार्निश सिमेंटला तेवढं खात नाही कारण ते आंबट नसतंय. न्यूट्रल, म्हणजे आंबट नसलेलं जेल मागा की.

निपाणीकर: आणि फिलिंगवर कोटिंग मारतात त्याचं काय? माझ्या फिलिंगवर काहीतरी पातळ लावलं, निळा लाईट मारला अन वेगळे पैसे घेतले. ग्लास आयनोमर स्वतःच फ्लोराईड सोडतंय म्हणून घ्यायचं, मग त्याचंच तोंड बंद करायचं? धंदा आहे नुसता. आमची आई अजून मिश्री घासते, तिच्या दाढेला कोट नाही न काही नाही, चाललंय मस्त.

टिळकवाडी: कोटमुळं सुरुवातीला फ्लोराईड कमी सुटतंय हे मान्य. पण सिमेंट नवं असताना थुंकी लागली तर वरचा थर मऊ पडतोय, उलट कोरडं पडलं तर तडे जातात, पहिला दिवस नाजूक. पूर्वी व्हॅसलीन फासायचे, ते जेवणाबरोबर पोटात. कोट पण पुढं झिजतोच, मग सिमेंट टूथपेस्टमधलं फ्लोराईड ओढून घेतं अन परत सोडतं. आणि मिश्रीनं घासून घासून गुळगुळीत झालेली दाढ म्हणजे मस्त नव्हे मालक.

निपाणीकर: आईला तुम्हीच सांगा येऊन.

खानापूरकर: फोन केला होता. पॉलिश करून वर कोट मारू म्हणतात, जेल बदला म्हटलं तर "आमच्याकडं हेच असतंय". शनिवारी जातोय, वार्निश असेल तर लावा म्हणणार, नसेल तर नुसतं पॉलिश करून परत.