मदत हवी आहे: छोट्या खोलीत २ टनाचा एसी, गारवा आहे पण दमटपणा जात नाही

गिरगावातली जुनी इमारत, मधला मजला, दीड फुटी भिंती, खोली १०×११ फूट. त्यात २ टनाचा बिनइन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त न होणारा) स्प्लिट! कॉम्प्रेसर ४-५ मिनिटांत कट होतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. २४ अंशांवरही आर्द्रता ७० टक्के. ड्राय मोड, फॅन लो करून झालं. फिल्टर स्वच्छ, गॅस बरोबर.

१ टनाचा इन्व्हर्टर घ्यायचं जवळपास ठरलंय. अडचण गॅसच्या पाइपची: जुने ५/८ आणि ३/८ इंची, म्हणजे नव्यासाठी जाड, लांबी ६ मीटर. मेकॅनिक म्हणतो, अडॅप्टर लावून चालेल. पण जाड सक्शन पाइपमध्ये (कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या) गॅसचा वेग कमी पडून कॉम्प्रेसरचं तेल मागे राहणार नाही का? शिवाय जुन्यात आर-२२ गॅस, नव्यात आर-३२. जुन्या पाइपांत राहिलेलं मिनरल ऑइल (जुन्या कॉम्प्रेसरचं तेल) फ्लशिंगने, म्हणजे पाइप आतून धुऊन, पुरतं निघतं, की नवे पाइपच टाकावेत? कुणी जुने पाइप ठेवून बसवलाय का?