लेकीच्या टीमची मेंटल हेल्थवाली मॅच आहे, तिला बोलू द्यावं का?

जर्सीची_आई:
मंडळी, आम्ही न्यू जर्सीत. मुलगी टेन्थला, शाळेच्या लॅक्रॉस (जाळीच्या स्टिकने बॉल झेलत खेळतात तो खेळ) टीममधे आहे. मे म्हणजे इकडे मेंटल हेल्थ अवेअरनेस मंथ, तर त्यांची एक होम गेम 'मॉर्गन्स मेसेज'साठी आहे. ड्यूक युनिव्हर्सिटीकडून खेळणारी मॉर्गन रॉजर्स २०१९ मधे गेली, तिने आयुष्य संपवलं, वरून कोणाला काही कळलंच नव्हतं. मग घरच्यांनी आणि मैत्रिणींनी तिच्या नावाने ही संस्था काढली. मुली केसांना रिबन बांधणार, स्टिकवर फुलपाखराचं स्टिकर लावणार, आणि मॅचच्या आधी एकीने माईकवर दोन मिनिटं बोलायचं. आमच्या बाईसाहेबांनी हात वर केलाय! आणि बोलणार काय तर मागच्या हिवाळ्यात तिला पॅनिक अटॅक यायचे त्याबद्दल. हे आम्ही घरात कोणाला सांगितलेलं नाही, सासूसासरे सांगलीहून आलेत, तेही मॅचला येणार. नवरा म्हणतो बोलू दे की, पण माझ्या पोटात गोळा येतोय. शिवाय बेक सेलला काय देऊ तेही सांगा, नट्स चालत नाहीत.

स्पष्टच_बोलतो:
खरं सांगू का, आमच्याकडे पण झालं हे सगळं, टीशर्ट, रिबन, ग्रुप फोटो. आणि सोमवारी प्रॅक्टिसला तोच कोच पोराला म्हणतो टफन अप. मला तरी नाटक वाटतं.

जेव्ही_कोच_काका:
नाटक होऊ शकतं, मान्य. मी सॉकरला असिस्टंट कोच आहे म्हणून आतलं सांगतो. काउन्सेलरच्या दाराशी उभं राहिलं की अख्खा हॉलवे बघतो, त्यामुळे पोरं तिकडे फिरकत नाहीत, पण टीमबरोबर रोज दोन तास असतात, बोलली तर तिथेच बोलतात. अडतं कुठे, तर प्लेइंग टाइमवर. घोटा मुरगळला तर ट्रेनर बर्फ लावतो, दोन आठवडे बसवतो, कोणी काही म्हणत नाही. पण तीन आठवडे झोप नाही असं सांगितलं तर माझी जागा राहील का, हे पोरांना माहीत नसतं, मग गप्प बसतात. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) २०२३ च्या सर्व्हेत हायस्कूलची ४०% मुलं सतत उदास किंवा हताश वाटतं म्हणाली होती, म्हणजे प्रत्येक टीममधे कोणीतरी असणारच. ताई, कोचला मॅचच्या आधी हा एकच प्रश्न विचारा, असं सांगितलं तर जागा राहील का. आणि ९८८, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणाऱ्या इकडच्या हेल्पलाइनचा नंबर, माईकवरून सांगायला लावा, फोन किंवा टेक्स्ट दोन्ही चालतं.

माजी_गोलकीपर:
मी अशीच बोलले होते सीनियर इयरला. दोन गोष्टी. लिहून काढायला सांग आणि त्यातलं जे तिला नंतर कॅफेटेरियात कोणी विचारलेलं चालणार नाही ते खोडायला सांग. दुसरं, बोलल्यावर मुली तिच्याकडे येतात, माझ्याकडे तिघी आल्या होत्या, त्यातली एक म्हणाली कोणाला सांगू नकोस. असं कोणी म्हटलं तर ते पोटात ठेवायचं नाही, जिवाचा प्रश्न असेल तर लगेच मोठ्यांना सांगायचं हे आधीच ठरवून ठेवा, पंधरा वर्षांच्या पोरीने थेरपिस्ट व्हायचं नाही. आणि आजीआजोबांना घरीच सांगा गं, स्टँडमधे पहिल्यांदा कळलं तर त्यांना वाईट वाटेल.

जर्सीची_आई:
अपडेट. कोचला विचारलं. ती म्हणाली दुखापतीसारखंच धरेन, जागा जाणार नाही, आणि ते तिने मुलींसमोर, सगळ्या पालकांसमोर म्हणून दाखवलं. आदल्या रात्री लेकीने आजीला सांगायला घेतलं पण पॅनिकला मराठी शब्द सापडेना, शेवटी म्हणाली छातीत खूप धडधडतं आणि वाटतं आता मरणार. सासूबाई भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, मला लग्नानंतर दोन वर्षं व्हायचं तसं, देवीचं काहीतरी आहे म्हणून अंगारा लावायचे. नवऱ्याला पण हे माहीत नव्हतं!

मॅच हरलो, ४-११. चकल्या केल्या होत्या, हाफटाइमच्या आत संपल्या, समोरच्या टीमचे लोक पण घेऊन गेले.