मदत हवी आहे: पावसाळ्यात फाँडंटचा (म्हणजे साखरेच्या लाटता येणाऱ्या मऊ गोळ्याने सजवलेला) केक टिकेल का?

लेकीचा पाचवा वाढदिवस जुलैअखेरीस आहे आणि बाईसाहेबांना जंगल थीमचा केक हवाय. वाघ, हत्ती, वर माकडही! आम्ही रत्नागिरीकर, इथे या दिवसांत पापडसुद्धा मऊ पडतात. प्राणी आधी करून ठेवणार आहे. फाँडंटमध्ये सीएमसी पावडर (घट्टपणा आणणारी खाण्याची पावडर) मळली की ते कडक वाळतात, ठीक. पण अशा दमट हवेत वाळवायचे कुठे? पंख्याखाली चालेल?

व्हिप्ड क्रीमवर फाँडंट पाझरतं, म्हणून खाली डार्क चॉकलेटचं गनाश (चॉकलेट आणि गरम क्रीमचं मिश्रण) लावेन. या हवेत चॉकलेट-क्रीमचं प्रमाण दोनास एक पुरेल की चॉकलेट वाढवू? आणि सजवलेला केक रात्री फ्रिजमध्ये ठेवावा की बाहेरच? फ्रिजमधून काढल्यावर त्याला घाम फुटतो म्हणतात. केक बिनअंड्याचा आहे, सासूबाईही खाणार आहेत.