वाचनकट्टा : सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीची बाजू

ए-३०२ : सर्वांना नमस्कार. क्लबहाउसच्या कपाटासाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकांपैकी ग्रेगरी मॅग्वायर यांची १९९९ची कादंबरी मी काल संपवली. सिंड्रेलाची गोष्ट तिच्या सावत्र बहिणीच्या बाजूने सांगितली आहे आणि ती परीराज्यात नव्हे, तर सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये, ट्यूलिपच्या कंदांवर पैसा लावणाऱ्या हार्लेम शहरात घडते. दोन मुलींना घेऊन इंग्लंडमधून निराधार अवस्थेत आलेली त्यांची आई पोटापाण्यासाठी जे जे करते, त्याचा रागही येतो आणि कारणही पटते. शेवट पाठ असलेली गोष्ट मी रात्री एकपर्यंत वाचत बसले, याचे माझे मलाच नवल वाटले.

सी-१०४ : ताई, पुस्तक चांगले असेलही, परंतु मूळ गोष्टींची ही मोडतोड मला रुचत नाही. हिमगौरीची सावत्र आई दुष्ट आहे, एवढे मुलांना पुरेसे असते. उद्या तिलाही कोणी बिचारी ठरवील.

बी-५०१ : काका, मूळ म्हणजे नेमके कोणते? ग्रिम बंधूंच्या जर्मन परीकथासंग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. १८५७पर्यंत त्या संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि दरम्यान गोष्टींवर संपादकाचा हात सतत फिरत राहिला. सिंड्रेलाचा काचेचा बूटही त्यांच्याकडे नाही, तो पेरो यांच्या १६९७च्या फ्रेंच संग्रहातला आहे; ग्रिमांकडे सावत्र बहिणी सोन्याच्या बुटात पाय मावावा म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापून घेते. (लहान मुलांची गोष्ट म्हणे!) शिवाय खांडेकरांची ‘ययाति’ किंवा सावंतांची ‘मृत्युंजय’ यांना आपण मोडतोड म्हणत नाही.

सी-१०४ : ‘मृत्युंजय’ मी तीन वेळा वाचली आहे, हे आपणांस ठाऊक असल्यामुळेच आपण ते नाव काढले, हे माझ्या लक्षात आले आहे. तरीही एक फरक राहतोच. कर्णाला कुळ आहे, वैर आहे, शाप आहेत. परीकथेतल्या राजकन्येला पुष्कळदा साधे नावही नसते.

ए-३०२ : काका, मला वाटते, सारी गंमत तिथेच आहे. श्रावणात आजी शिवामुठीची कहाणी सांगायची. आटपाट नगरातल्या राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती; तिला जेवायला उष्टे आणि नेसायला जाडेभरडे. ती नावडती का, हे कहाणी सांगतच नाही आणि ऐकताना आपणही विचारत नाही, कारण कहाणीला वशाकडे जाण्याची घाई असते. कादंबरीला मात्र तीनशे-चारशे पाने काढायची असल्यामुळे तिथे थांबावेच लागते. नेओमी नोविक यांच्या २०१८च्या कादंबरीत गवताचे सोने कातून देणाऱ्या बुटक्याची कथा एका यहुदी सावकाराच्या मुलीकडे येते. बापाला उधारी मागायचा संकोच, म्हणून ती स्वतः दारोदार जाऊन वसुली करते आणि चांदीचे सोने होते ते सुरुवातीला तरी मंत्राने नव्हे, व्यवहाराने. दुष्टाला सुष्ट करून किंवा नायिकेच्या हाती तलवार देऊन भागवणाऱ्या कादंबऱ्याही भरपूर निघतात. त्या मी अर्ध्यातच मिटते.

बी-५०१ : पूर्णपणे सहमत आहे. तलवारवाल्या दोन मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या आहेत.

सी-१०४ : हार्लेमचे पुस्तक रविवारी माझ्याकडे पाठवावे, अक्षर बारीक असल्यास आत्ताच सांगावे. हा सर्व संवाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, शिवामुठीच्या कहाणीवर कादंबरी लिहायची झाली, तर ती नावडतीने सांगू नये, तिन्ही आवडत्यांपैकी सर्वांत धाकटीने सांगावी. कारण उद्या आपलीही पाळी येईल की काय, ही धास्ती त्या घरात तिलाच सर्वांत जास्त असणार.