खारेपाटातली शेती: खांड बांधायची की तळं करायचं?

खारेपाटकर_पुणे:
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, आमची दीड एकर भातशेती आहे, आजोबांच्या वेळची. मी पुण्यात नोकरीला, शेत काका बघतात. गेल्या ऑगस्टात अमावस्येच्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, पंधरावीस फुटांचं असेल, आणि उभ्या भातात खाडी शिरली. दिवाळीला गेलो तर मातीवर पांढरी खपली धरलेली, काकांनी ती बोटाने उचलून जिभेला लावली नि म्हणाले, घे, मीठ विकत आणायला नको. आता गावात दोन तट पडलेत, निम्मे म्हणतात वर्गणी काढून बांध घालू, निम्मे म्हणतात समुद्रच वर यायला लागलाय तर कशाला पैसे पाण्यात घालायचे, जिताडा मासा पाळायला तळी करा. खरंच समुद्र वाढलाय की आमचाच बांध कच्चा झालाय?

भरतीचं_गणित:
दोन्ही. जगभरची सरासरी धरली तर १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र साधारण २० सेंटीमीटर चढलाय, आणि अलीकडे वेग वाढून वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या वर गेलाय. म्हणजे एकूण वीतभर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरपर्यंत जातं आणि बांधाचा माथा आजोबांच्या काळच्या पाण्यावर ठरवलेला, त्यामुळे नेमकी ती वरची वीतच बांधावरून पलीकडे पडते. त्यात अरबी समुद्र तापलाय, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. वादळाचा फुगवटा आणि उधाण एकाच दिवशी आलं तर काय होईल बघा. पण ऑगस्टात वादळ नव्हतं, म्हणजे बांधाची डागडुजी राहिली होती हे पण मान्य करा.

खाडीकाठचा_म्हातारा:
अरे बाळा, बांध समुद्राने फुटत नाही, आधी खेकड्याच्या बिळाने फुटतो. बीळ आरपार गेलं की पाणी झिरपतं, मग धार लागते, मग एका भरतीत खांड. आमच्या लहानपणी पावसाळ्याआधी घरटी एक माणूस बांधावर जायचाच, चिखलाची ढेकळं हातोहात द्यायची, बिळं बुजवायची, उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडायच्या दाराची) झडप नीट मिटते का बघायचं. आता पोरं मुंबई पुण्याला, बांधाकडे बघतो कोण. (तुला टोमणा नाही रे, माझीही पोरं तिकडेच.)
खांड बांधायची ती भांगात, अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं तेव्हा. उधाणात टाकलेली माती मासे खातात. आणि होळीच्या आत उरका, म्हणजे जूनचा पाऊस मीठ धुवेल, ते पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर. पहिल्या वर्षी पीक बेतानेच येणार. भाताचं बियाणं पनवेलच्या संशोधन केंद्राचं, खाऱ्या जमिनीचं घ्या, पनवेल १, २, ३ असं मिळतं.
तळ्याचं म्हणशील तर आपली जिताड्याची तळी घराजवळची, गोड्या पाण्याची. शेतात खारं पाणी कोंडलंस तर शेजाऱ्याच्या भातात झिरपेल, मग भावकीत कोर्टकचेऱ्या.

देवबागची_ताई:
दादा, एक सांगते, कोणी सिमेंटची भिंत घालू म्हटलं तर दहादा विचार करा. आमच्याकडे देवबागला, मालवणजवळ, एका बाजूला कर्ली नदी, एका बाजूला समुद्र, मधे वाळूची पट्टी. जिथे दगडी बंधारा संपतो तिथून पुढच्याचे माड जातात, लाट तिथे वळून खणते. आमच्या शेजारच्या वाडीत मुळं उघडी पडलेले तीन माड मी रोज बघते, आज उभे, उद्याचं माहीत नाही. बांधाबाहेर तिवरं (खारफुटीची झाडं) असतील तर ती राखा, लाटेचा जोर तीच मोडतात. वेंगुर्ल्याला तर बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत तिवरांतून होडीची सफर चालवतात, चार पैसे पण मिळतात.

खारेपाटकर_पुणे:
सगळ्यांचे आभार. पण ताई, तिवरं बांधाच्या बाहेर असती तर काय हवं होतं. आमच्या खांडीजवळ शेतातच बोटभर रोपं आलीत, काका म्हणतात उपटून टाकू.

भरतीचं_गणित:
थांबवा काकांना. २०१८ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर खाजगी जमिनीतली तिवरं पण तोडता येत नाहीत. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, सातबारा आणि तारखेचे फोटो जोडून वनखात्याला लेखी विचारा. खांड मात्र लगेच बुजवा, आणखी दोन पावसाळे गेले तर तिथे शेत होतं हे सांगायला फक्त सातबाराच उरेल.

खाडीकाठचा_म्हातारा:
येत्या अष्टमीला येतोस का? मी येतो फावडं घेऊन, गुडघे दुखतात पण बिळं दाखवीन.